ठाण्यात जुनी बोर्दो उघडायची तर

बोर्दो म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातली लाल वाइन. तिची 1982 ची, म्हणजे त्या वर्षी तोडलेल्या द्राक्षांची, बाटली चाळीसहून जास्त वर्षं फ्रान्समधल्या तळघरात सुखरूप राहते आणि घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये शेवटच्या चार तासांत वाया जाते. वाया जाते म्हणजे आंबते असं नाही. ती ढवळली जाते, गरम होते, वास धरलेल्या ग्लासात पडते आणि पहिल्याच हुंगण्यात नापास होते.

आधी साक्याचं बघू. लाल वाइनमधली रंगद्रव्यं आणि तुरटपणा देणारी टॅनिनं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. जुनी वाइन फिकट दिसते, मऊ लागते, ती याचमुळे. तेव्हा साका हा दोष नव्हे. मात्र तो ढवळून ग्लासात आला की वाइन गढूळ होते, कडवट लागते आणि जिभेवर बारीक रेती फिरते. आपल्याकडे अशा बाटल्या बहुतेक वेळा विमानाच्या सामानातून येतात (करमाफी माणशी 2 लिटरची, म्हणजे 750 मिलीच्या दोनच), त्यावर विमानतळ ते ठाणे किंवा खारघर हे खड्डे. एवढं झाल्यावर बाटलीला किमान तीन आठवडे आडवं पडू द्यावं, लेबल वरच्या बाजूला ठेवून, आणि शेवटचे दोन दिवस अलगद उभं करावं. ओततानाही लेबल वरच ठेवायचं, म्हणजे साका ज्या बाजूला बसलाय ती बाजू खाली राहते. परवा आणली आणि आज उघडली, हा हिशेब जुन्या वाइनला चालत नाही.

हे तीन आठवडे ठेवायची कुठे? माळ्यावर नाही, ओट्याखाली तर नाहीच. तिला 12 ते 14 अंश लागतात. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर नेहमीच्या फ्रिजमधला भाजीचा कप्पा तीन आठवड्यांपुरता चालतो. थंडीने तिचं काही बिघडत नाही. महिनोन् महिने ठेवली तर मात्र कोरड्या हवेने बूच आकसतं. बाटली पातळ पिशवीत गुंडाळावी, नाहीतर पावसाळ्यात बाहेर काढताक्षणी तिला घाम फुटतो आणि लेबल सुटून हातात येतं.

उघडण्याआधी बाटली वाचावी. चाळीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या भागात असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यावर असेल तर जुगार. त्याखाली असेल तर फुकट मिळाली तरच घ्यावी. 2005 सारख्या तुलनेनं तरुण बाटलीत पातळी खांद्यापर्यंत उतरलेली दिसली तर ती कुठेतरी तापली आहे असं समजावं. वर सरकलेलं बूच आणि फॉइलखालून ओघळलेले चिकट डाग हीसुद्धा उष्णतेचीच खूण. याउलट फॉइलखाली बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नये, तळघर दमट होतं एवढाच त्याचा अर्थ.

ती फॉइल साधारण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिशाची असायची. त्यामुळे ती बाटलीच्या ओठाच्या बरीच खाली कापून पूर्ण काढावी आणि तोंड आधी लिंबू पिळलेल्या ओल्या फडक्याने, मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसावं. बूच काढल्यावर आतला काठ परत एकदा.

आता बूच. जुन्या बुचाचा खालचा भाग वाइनने भिजून मऊ झालेला असतो आणि वरचा काचेला चिकटून बसलेला. साध्या स्क्रूने ओढलं की ते मधोमध तुटतं. दोन पात्यांचा चिमटा इथे कामाचा. लांब पातं आधी काच आणि बूच यांच्या फटीत घालायचं, मग आखूड, आणि डावी-उजवीकडे किंचित झुलवत दोन्ही खाली सरकवायची. दाबताना बूचच खाली जाऊ लागलं तर लगेच थांबावं. तिथे आधी लांब स्क्रू मधोमध फिरवून बूच धरून ठेवायचं आणि मग पाती घालायची. या दोन्हींची जोडणी एकाच अवजारात मिळते. वर्षाला चार-पाच जुन्या बाटल्या उघडणाऱ्याने ते घ्यावंच, एका चांगल्या बाटलीच्या मानाने ते स्वस्त पडतं. ओढायला निवांत दोन-तीन मिनिटं द्यावीत. अर्धं बूच आत राहिलंच तर स्क्रू तिरका घालून ते काचेच्या भिंतीला दाबत वर घ्यावं. आत पडलं तर मलमलच्या कापडातून गाळावं, पण ते कापड नुसत्या उकळत्या पाण्यातून काढलेलं हवं. साबणाचा किंवा कपड्याच्या नीळीचा वास लागला तर सगळं फुकट. कॉफीचा कागद नको, तो स्वतःची चव सोडतो.

ग्लासांकडे कोणाचं लक्ष जात नाही. शोकेसच्या कपाटात उलटा ठेवलेला ग्लास आतल्या हवेसकट लाकडाचा, पॉलिशचा आणि डांबरगोळीचा वास धरून बसतो. रिकामा ग्लास नाकाशी धरून बघा. हा वास जुन्या वाइनच्या वासापेक्षा कितीतरी मोठा असतो. ग्लास आदल्या दिवशी धुवून सुलटे ठेवावेत आणि ऐनवेळी चमचाभर साध्या लाल वाइनने खंगाळावेत. खोलीत उदबत्ती, मच्छर कॉइल, मोगऱ्याचा गजरा, काहीही नको.

वाइन 16 अंशांवर ओतावी, कारण आपल्याकडे ती खाली येत नाही, चढतच जाते. 30 अंशांच्या खोलीत तासाभरात ती सपक आणि अल्कोहोलच्या भपक्याची होते. एसी 22–23 वर ठेवावा, पंखा बंद. ग्लासात एका वेळी 50 मिलीच घ्यावी आणि बाटली थंड पाण्याच्या भांड्यात उभी ठेवावी, बर्फात नाही. साक्यात 50–60 मिली जाते असं धरलं तर एका बाटलीत आठ माणसं व्यवस्थित भागतात. बारा बोलावली तर प्रत्येकाला फक्त ओळखपरेड.

डिकँटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं, वापरावा का, यावर वाद घालणारे खूप. माझा नियम सरळ आहे: 1970 च्या आधीची असेल तर वापरू नये, दोन-तीन तास आधी बूच काढून बाटली तशीच उभी ठेवावी. 1982 पासून पुढच्या, काबर्ने या द्राक्षाचा वाटा जास्त असलेल्या बाटल्या साका वेगळा करण्यासाठी पिण्याआधी अर्धा तास डिकँटरमध्ये एका दमात ओताव्यात. मानेखाली मोबाइलचा टॉर्च लावून ठेवायचा. काळी रेघ खांद्यापर्यंत आली की हात थांबवायचा.

पहिला वास बहुधा वाईटच येतो. दशकानुदशकं कोंडलेली हवा असते ती: बंद ट्रंक, जुनी चामडी चप्पल, कधी थोडं गंधक. पंधरा-वीस मिनिटं थांबावं. कोंडलेला वास असेल तर उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास असेल तर तो वाढतच जातो. तो बुचातला दोष, ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाच्या रसायनाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात आणि त्याला औषध नाही. नेलपॉलिशचा भपका म्हणजे व्हिनेगरच्या वाटेवरची वाइन. अक्रोड आणि कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा आत गेली. मोरंब्यासारखा शिजलेला वास आला तर ती तापली. घोड्याच्या तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. जुन्या बोर्दोत तो थोडा असतोच आणि काहींना आवडतोही. चव झाकायला लागला तर मात्र दोष.

रंग पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघावा. कड विटकरी आणि मधोमध अजून लाल, तर उत्तम. सगळीच कोऱ्या चहासारखी झाली असेल तर संपली.

बोर्दोत कुठल्या द्राक्षांचं मिश्रण आहे हे तीस वर्षांनंतरही कळतं. बोर्दोतल्या जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदॉकमध्ये काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त. ती जुनी झाली की नुकती तासलेली पेन्सिल, देवदार, कोरडा तंबाखू. उजव्या तीरावर, सेंत-एमिलिओं आणि पोमेरोलमध्ये मर्लो या द्राक्षाचा जोर. तिथे सुका अंजीर, मनुका, अळंबी, ओली माती, आणि टॅनिन लवकर मऊ. काबर्ने फ्रां असेल तर फुलासारखा हलका वास. ढोबळी मिरचीचा हिरवा वास म्हणजे काबर्ने नीट न पिकल्याची खूण, पावसाळी वर्षांत हमखास. तुरटपणा आपल्या जिभेला ओळखीचा आहे. आवळा चावल्यावर जीभ ओढते तशी अजूनही ओढत असेल आणि फळ मात्र उरलं नसेल, तर ती बाटली आता सुधारणार नाही. 1975 च्या बऱ्याच बाटल्यांचं हेच झालं. 1982 चे भाव भयंकर आहेत. त्याऐवजी 1985, किंवा मेदॉकमधल्या मार्गो गावची 1983 शोधावी. 1991 आणि 1992 मात्र कोणी स्वस्तात दिली तरी नको. 1991 ला एप्रिलमध्ये दव गोठून मळे जळले होते आणि 1992 पावसात गेलं.

चार बाटल्या असतील तर सगळ्यात जुनी आधी. तरुण वाइनचं टॅनिन जिभेवर बसलं की म्हातारी बिचारी पाणी लागते.

खायला मालवणी रस्सा नको, मिसळ तर स्वप्नातही नको. तिखटाने टॅनिन आणखी टोचतं आणि जुन्या वाइनचं बारीकसारीक सगळं पुसलं जातं. मीठ-मिरीत भाजलेलं मटण, लोण्यावर परतलेली अळंबी, नाहीतर मुगाची मऊ खिचडी आणि तूप. हे शेवटचं ऐकून लोक हसतात, पण जुन्या मर्लोबरोबर ते फार छान जातं. लोणचं-पापड मात्र दूर ठेवावं.

उरलेली उद्यासाठी ठेवू नये, सकाळपर्यंत ती मेलेली असते. तळातली साक्याची 50 मिली मलमलीतून गाळून मटण भाजलेल्या तव्यावर ओतावी, खरवडून अर्धी होईपर्यंत आटवावी आणि लोण्याचा लहान तुकडा घालून गॅस बंद करावा.