तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टायमरचं मूळ कारण

‘टायमरच्या त्या भानगडीचं मूळ कारण शेवटी काय निघालं?’ हे मला अजून विचारतात. विचारणारे बहुतेक त्या वेळी आसपासच होते. मशीन अधूनमधून गप्प व्हायचं आणि पाच मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना एका ओळीचं उत्तर हवं असतं, कारण रिपोर्टात ‘मूळ कारण’ या रकान्याला एकच ओळ आहे. तिथे मी ‘हार्डवेअर’ लिहिलं होतं. सॉफ्टवेअरवाला दुसरं काय लिहिणार, हा टोमणा तेव्हापासून चालू आहे.

आणि ‘लॉग (प्रोग्रॅमने काय केलं त्याची नोंद) टाकून बघायचं ना’ म्हणणाऱ्यांनो, टाकला होता. लॉग टाकला की मशीन हँगच होईना. काढला की दुखणं पुन्हा हजर. आमचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, छोटं, स्वतःचं. करायला काही नसलं की ते पुढच्या कामाच्या वेळेचा टायमर लावून प्रोसेसरला झोपवायचं. लॉग जायचा सिरियल पोर्टवर. बाइट बाहेर पडला की पोर्ट इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला जागं करणारी हाक, द्यायचा, प्रोसेसर जागा व्हायचा आणि जागा झालाच आहे म्हणून टायमर नव्याने लावायचा. म्हणजे मी रोग बघायला गेलो की माझ्याच लॉगने तो बरा व्हायचा. सिरियल कन्सोलवर कोणी एन्टर मारला तरी मशीन उठायचं, तेही ह्याचमुळे. ‘हात लावला की चालतं’ ही फ्लोअरवरची तक्रार मी हसण्यावारी नेली होती, पण ती शब्दशः खरी होती.

शेवटी लॉग सोडला. मेमरीत एक बफर, म्हणजे नोंदींपुरती जागा, ठेवला आणि टायमर लावताना दोनच आकडे त्यात टाकले: कम्पॅरेटरमध्ये (टायमरची गजराची वेळ धरणारा खाना) काय लिहिलं, आणि लिहिल्यावर लगेच काउंटर (टायमरचा सतत पुढे जाणारा आकडा) किती होता. मशीन गप्प झालं. ह्या वेळी कोणालाही हात लावू दिला नाही. ते आपणहून उठल्यावर बफर काढला. शेवटच्या नोंदीत कम्पॅरेटरचे मागचे चार अंक (सोळाच्या पद्धतीतले, म्हणून त्यात ‘ए’) ४ए१०, काउंटरचे ४ए१३. काउंटर फक्त तीन टिक, म्हणजे मोजणीची तीन पावलं, पुढे.

टायमर एचपीईटी (पीसीमधला बारीक वेळ मोजणारा टायमर) होता, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा. (हा विचित्र आकडा १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलाय आणि त्याचं मूळ अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेतात आहे. कर्नलवाल्यांच्या नशिबी काय काय असतं!) एक टिक म्हणजे साधारण ७० नॅनोसेकंद. आणि हा टायमर ‘वेळ झाली किंवा टळली’ असं बघत नाही. काउंटर कम्पॅरेटरच्या बरोबर झाला, तरच इंटरप्ट देतो. पाच वाजून गेल्यावर पाचचा गजर लावला तर तो दुसऱ्या दिवशीच वाजणार, तसं. ३२ बिटांचा काउंटर पूर्ण फिरून यायला ३०० सेकंद लागतात. हीच ती पाच मिनिटं. ६४ बिटांवर असतो तर चाळीस हजार वर्षं थांबावं लागलं असतं. तेव्हा निदान बग पटकन पकडला असता.

मग सापडलं की कारण, असं तुम्ही म्हणणार. तेव्हाचा मीही तेच म्हणालो आणि ‘हार्डवेअर’ लिहून मोकळा झालो. पण इतक्या जवळची वेळ मागितली कोणी? आमच्याच शेड्युलरने, म्हणजे कोणतं काम कधी करायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने. किमान अंतराची अट त्यात नव्हतीच. त्यावर तेव्हाचा मी म्हणतो, मागितली तर मागितली, ‘बरोबर’ऐवजी ‘बरोबर किंवा पुढे’ एवढी तुलना चिपला जड होती का? ह्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

शिवाय बफरमधल्या सगळ्या नोंदी एका जातीच्या नव्हत्या. काहींत वाचताना काउंटर एक टिक मागे होता, म्हणजे वेळ टळली नव्हती, तरी इंटरप्ट आला नाही. काही चिपसेटमध्ये (टायमर ज्यात असतो त्या बोर्डवरच्या चिप) लिहिलेला आकडा आत लागू व्हायलाच दोन टिकांपर्यंत उशीर होतो. लिनक्सच्या एचपीईटी कोडमध्ये ह्यावर चांगलं चिडून लिहिलेलं लांब टिपण आहे. ते मी आधी वाचलं नव्हतं. आणि काही नोंदींत तर हाताशी बऱ्यापैकी वेळ होता, तो मधल्या मध्ये कुठेतरी गेला. तिथे माझा संशय एसएमआयवर (सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट): बायोस, म्हणजे बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, कर्नलला न विचारता प्रोसेसर काढून घेतं, आपलं काम उरकतं आणि परत देतं. कर्नलला पत्ताही लागत नाही.

उपाय लिनक्सचाच उचलला. कम्पॅरेटर लिहायचा, काउंटर वाचायचा, १२८ टिकांपेक्षा, म्हणजे जेमतेम नऊ मायक्रोसेकंदांपेक्षा कमी उरले असतील तर वेळ हुकली समजून काम लगेच हातात घ्यायचं. हँग बंद झालं. १२८च का, हे रिव्ह्यूत विचारलं गेलं. दोन टिकांच्या उशिराला ते भरपूर आहेत. वाचन झाल्यावर एसएमआय आला तर, असंही विचारलं गेलं. त्याला हे उत्तर पुरत नाही, आणि मी तसं सांगितलंही.

म्हणून वेळ हुकली की एक वाढेल असा आकडा कोडमध्ये ठेवलाय. प्रोसेसरही किती एसएमआय आले ते आतल्या एका रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या खान्यात) मोजतो. दोन्ही शेजारी छापतो. काही मशीनवर ते जोडीने वाढतात. काहींवर आमचा आकडा एकटाच वाढतो, आणि ह्या मशीनांचं बोर्डही तेच आहे, बायोसही तेच.