वय २७, रा. गोकुळपेठ

काल दुपारी नायिका बाल्कनीत आली, ओले केस झटकले आणि माझ्या बोटांनी टाईप केलं : अनघा (वय २७, रा. गोकुळपेठ). तिला पाहून नायकाचं जे व्हायचं ते पुढच्याच ओळीत होणार होतं. पण त्याचंही वय आणि पत्ता दिल्याशिवाय हात सरकेना. पेपरची नोकरी सोडून प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायला लागलो, तरी हा कंस काही सुटत नाही. माणूस कागदावर आला की तो किती वर्षांचा आणि कुठे राहतो हे कळलंच पाहिजे. मग तो प्रेमात पडो, नाही तर नाल्यात.

शेजारचे काका विचारतात, "काय लिहून राहिले जी सध्या?" मी म्हणतो, कादंबरी. "कशावर?" प्रेमावर. मग ते माझ्या डोक्यावर जिथे पूर्वी केस होते तिकडे थोडा वेळ बघतात.

खरं तर नागपूरला त्याचं नवल वाटू नये. ग. त्र्यं. माडखोलकर इथेच आधी 'महाराष्ट्र' या वर्तमानपत्रात आणि १९४४ पासून 'तरुण भारत'च्या संपादकाच्या खुर्चीत बसून अग्रलेख लिहीत, आणि कादंबरीत राजकारणाच्या शेजारी शृंगारही बिनधास्त मांडत. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. मला असं दोन्हीकडे जमलं नसतं. दिवसा पंचनामा आणि रात्री चांदणं, मध्ये निदान एक आंघोळ लागते.

महाल भागातल्या आमच्या घरात सकाळ वडिलांची होती आणि दुपार आईची. वडील पेपर मोठ्याने वाचत, अगदी निविदा सूचनांसकट. आई ओटा आवरून झाली की वाचनालयातली कादंबरी घेऊन जिन्याखालच्या गार फरशीवर पडायची. पुस्तकाला खाकी कव्हर, पाठीवर आकडा. ती शेवटचं पान आधी वाचायची. लग्न झालेलं असलं तर पहिल्या पानाकडे वळायची, नाही तर संध्याकाळी पुस्तक परत. "शेवटी मरूनच जाते ते पोरगी, तर मी दोनशे पानं काहून जीव टांगून ठेवू?" आधीच्या एखाद्या वाचकाने पेन्सिलीने 'फालतू' असा शेरा मारलेला असे. आई तो माझ्या खोडरबराने पुसून टाकायची. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकर तिचे लाडके. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. "एवढ्या न्यायाधीशांनी वाचलं, म्हणजे चांगलंच असन ना," एवढं म्हणून ती पान उलटायची. वडिलांना हे सगळं वेळेची नासाडी वाटे. तिचा डोळा लागला की मात्र ते पुस्तक हळूच उचलत, आणि ती जागी झालीच तर, "पानं सुटी झाली आहेत याची," म्हणून परत ठेवत.

नागपुरात प्रेमकथा रचायची म्हणजे अडचणी फार. मे महिन्यात ४५ अंशांत कोण कोणाचा हात धरतो? स्कूटीवरच्या मुली दुपट्टा असा गुंडाळतात, वर गॉगल, हातात मोजे, की जन्मदात्री ओळखणार नाही. माझा नायक नायिकेला ओळखतो तो एमएच ३१च्या नंबरवरून. प्रकाशक म्हणाले, पाऊस घाला. घालतो; पण कादंबरी एप्रिलात सुरू झाली आहे आणि पाऊस इथे जूनच्या मध्याशिवाय येत नाही. तोवर दोघांना मी फुटाळा तलावावर किती वेळा नेऊ?

पेपरात प्रेम राहतं ते गुन्ह्यांच्या पानावर. 'प्रेमप्रकरणातून' असं हेडिंगला लागलं की खाली कोणी तरी पळालेलं असतं, नाही तर कोणाला तरी चाकू लागलेला असतो. चौदा फेब्रुवारीला तलावावरून पोलिसांनी जोड्या हुसकल्या, तो एक चौकोन वेगळा. सरळ जुळलं आणि टिकलं याची बातमी होत नाही.

एकदा रात्रपाळीला, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटल्यावर, एक मुलगा आणि एक मुलगी जिना चढून डेस्कवर आले. मुलीच्या हातात आमचाच अंक होता. त्यात तिचा फोटो, वर 'बेपत्ता'. तिचं म्हणणं एवढंच, की मी बेपत्ता नाही, लग्न केलं आहे, तसं छापा. रात्रपाळीच्या प्रमुखांनी समजावलं की ही बातमी होत नाही, सकाळी खाली येऊन छोट्या जाहिरातीत द्या, शब्दांप्रमाणे पैसे पडतील. मुलाने तिथेच उभ्या उभ्या खिसा चाचपला. मग दोघांनी माझ्या टेबलावरचा कागद घेतला आणि मजकूर लिहून एकेक शब्द खोडत बसले. 'आईबाबा' गेलं. 'कृपया' गेलं. शेवटी राहिलं ते असं : सुखरूप आहे, शोधू नये. मुलगी म्हणाली, नाव तरी लागेल ना. मी म्हटलं, लागेल. वय आणि पत्ता दोघांनीही लिहिला नाही.

जाहिरात आली की नाही मला आठवत नाही. पुढे बरेच दिवस अंक हातात आला की मी गुन्ह्यांचं पान आधी उघडत होतो. त्यांची बातमी कधी आली नाही.

सध्याच्या कादंबरीत त्यांना धंतोलीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन दिली आहे. दुपारी भयंकर तापते, पण कूलर आहे.