शान्शीचे लाल कपाट: दुरुस्तीच्या फेब्रुवारी ते ऑगस्टच्या नोंदी

कपाट उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतातले, छिंग राजवटीच्या उत्तरार्धातले. उंची १७८ सेंमी, रुंदी १०२, खोली ५२. लाकूड एल्म. दर्शनी बाजूला लाल लॅकर, दारांवर मोठा गोल पितळी पत्रा. दारे बिजागरीवर नाहीत. वरखाली कोरलेल्या लाकडी खुंट्यांवर फिरतात. दार उघडून वर उचलायचे, खालची खुंटी मोकळी करायची आणि तिरके करून काढायचे. दोघांनी मिळून काढावे, एकट्याने ओढले तर वरच्या खुंटीचा कडेचा भाग उडतो.

फेब्रुवारी, आर्द्रता ४६ टक्के

तपासणी कोरड्या हंगामातच करावी. लाकूड आकसलेले असते, त्यामुळे पूर्वी कोणी कुठे काय अडकवून ठेवले आहे ते उघडे पडते. डाव्या दाराच्या पॅनेलला मधोमध उभी चीर, वरच्या टोकाला ३ मिमी. चिरीत सुताराची लांबी (पुट्टी) भरलेली, आणि पॅनेलच्या दोन्ही कडांना चौकटीतून बारीक खिळे मारलेले. दुखणे या खिळ्यांत आहे, चीर हा त्याचा परिणाम.

चिनी दाराची रचना अशी: चौकटीला आतून खाच, तिच्यात पॅनेल सैल बसवलेले. मागे आडव्या पट्ट्या, त्या तिरप्या कडांच्या खाचेतून सरकवलेल्या, सरस न लावता. पॅनेल आकसले-फुगले की पट्टीवरून सरकते, चौकटीला धक्का लागत नाही. एल्मची चपटी चिरलेली फळी ओलाव्याच्या दर १ टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.३ टक्के हलते. उभ्या रेषेत जवळजवळ हलतच नाही. हवेची आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात सुमारे ९ टक्के पाणी असते. ८० टक्क्यांवर लाकूड पूर्ण स्थिरावले तर सुमारे १६. फरक ७ टक्क्यांचा, म्हणजे ४० सेंमीच्या पॅनेलवर ८ मिमीच्या आसपास. लॅकर असल्याने ओलावा हळू आत-बाहेर होतो, त्यामुळे एका पावसाळ्यात एवढी हालचाल क्वचितच दिसते. तिच्या निम्मी धरली तरी खिळ्यांनी जखडलेली फळी फाटणारच.

लांबीने काय बिघडते तेही इथेच सांगून टाकू. उन्हाळ्यात रुंद झालेली चीर भरली की पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही. कडेचे तंतू चेपतात आणि चेपलेलेच राहतात. पुढच्या उन्हाळ्यात चीर आधीपेक्षा मोठी. मग आणखी लांबी!

मार्च

खिळे काढले. डोक्याभोवती लाकूड न उकरता, सोल्डरिंग आयर्नचे टोक खिळ्यावर १०-१५ सेकंद टेकवायचे. गंज सैल होतो, मग बारीक पक्कड. लॅकरवर आयर्न टेकता कामा नये, म्हणून भोवती ओल्या पुठ्ठ्याची चकती. लांबी कोरडीच, बांबूच्या चपट्या काडीने खरवडली.

चौकट आणि पॅनेल यांच्यातली फट जुन्या मेणाने आणि धुळीने चिकटलेली असते. तिच्यातून पातळ ब्लेड अलगद फिरवले की फळी सुटते. मग अर्ध्या भागाला आतल्या बाजूने लाकडी ठोकळा लावून मध्याकडे सरकवायचे. चीर मिटते आणि तेवढी फट कडेला, खाचेजवळ दिसू लागते. फट तिथेच असायला हवी, ती भरू नये.

चिरीच्या कडा जोडायला सरस. दाणे १ भाग, पाणी २ भाग वजनाने. चार तास भिजवून गरम पाण्याच्या भांड्यात ६० अंशांपर्यंत. ६५ च्या वर गेला की पकड कमी होते. कडा हेअर ड्रायरने कोमट करून घेतल्या तर सरस लगेच गोठत नाही. क्लॅम्पखाली फेल्ट, २४ तास. पांढरा फेविकॉल वापरू नये: पुढे सांधा उघडायची वेळ आली तर तो लाकूड घेऊनच सुटतो. सरस मात्र ओल्या उष्णतेने सुटतो.

सरस खाचेत ओघळला तर फळी पुन्हा अडकते. म्हणून चिरीच्या दोन्ही टोकांना मेणकागदाची पट्टी.

एप्रिल: लॅकर

आधी ओळख पटवायची. इअरबडवर स्पिरिटचा थेंब घेऊन आतल्या कडेला दोन सेकंद. चिकट झाले तर वर चपड्याचे स्पिरिट पॉलिश आहे. ते नंतर कोणीतरी मारलेले. चिनी लॅकर झाडाचा चीक, नीट वाळल्यावर स्पिरिटला सहज बधत नाही. पण उन्हाने जुनाट झालेला पृष्ठभाग बधतो, म्हणून चाचणी दर्शनी भागावर नको. हे झाड आंबा आणि बिब्बा यांच्याच कुळातले. कच्च्या चिकाने अंगावर पुरळ उठते, वाळलेल्याने सहसा नाही. दुरुस्तीसाठी कच्चे लॅकर आणणाऱ्यांनी हातमोजे विसरू नयेत.

साफसफाई मऊ ब्रशने, मग मिनरल टर्पेंटाइनने ओलावलेल्या कापसाच्या बोळ्याने, तळहाताएवढा भाग घेऊन. बोळ्यावर तांबूस रंग आला की थांबायचे. पाण्याने पुसणे टाळलेले बरे: जुन्या लॅकरवर पांढुरका डाग उमटतो आणि बारीक भेगांतून पाणी खालच्या मातीच्या अस्तरात शिरले की पापुद्रे सुटतात. जवसाचे तेल तर नकोच. ते काळे पडते, धूळ धरते आणि नंतर निघत नाही.

पितळी पत्रा काढलेला नाही. तो मागे दोन पायांनी दुमडलेल्या पिनांवर असतो. पाय सरळ करून पुन्हा वाकवले की मोडतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर सगळे बाद, पांढरी भुकटी कडेच्या लाकडात कायमची बसते. कोरडा ब्रश आणि मेण पुरे.

मे: कीड

खालच्या खणाखाली काळा कागद अंथरला होता, त्यावर टाल्कसारखी मऊ पिठी सापडली. भोके १ ते २ मिमी: भुंगेऱ्याची अळी, वाळवी नव्हे. रसकाष्ठ (खोडाच्या बाहेरच्या थराचे लाकूड) असलेली कड तिला आवडते. जुनी भोके खडूने भरून ठेवली की नवी लगेच कळतात.

अळी ऑक्सिजन काढून घेऊन मारायची, म्हणून खण हवाबंद पिशवीत. खण ४०×४५×१५ सेंमी, म्हणजे २७ लिटर हवा, तिच्यात ५.७ लिटर ऑक्सिजन. २००० सीसीच्या ऑक्सिजन शोषक पुड्या हिशेबाने तीन, प्रत्यक्षात पाच टाकल्या. पिशवी अॅल्युमिनियमचा थर असलेली हवी. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन आत झिरपतो. तीन आठवडे, खोलीच्या तापमानाला. अख्ख्या कपाटाला असे करायचे तर सुमारे शंभर पुड्या लागतील, म्हणून लागण एका खणापुरती असतानाच पकडलेली बरी.

ऑगस्ट, आर्द्रता ८१ टक्के

मार्चमध्ये कडेला दिसणारी ३ मिमीची फट १ मिमीवर आली, जोड शाबूत. कपाट भिंतीपासून ८ सेंमी पुढे, पाय प्लास्टिकच्या चकत्यांवर, कारण फरशी पुसताना आडव्या चिरलेल्या टोकातून पाणी चढते. एसी थेट समोर नको. दिवसा ८० आणि रात्री ४५ टक्के हे चढउतार स्थिर ७० पेक्षा वाईट. बुरशी मात्र ६५-७० च्या वर धरते, तेव्हा मागे पंख्याची हलकी हवा खेळती ठेवली आहे.

मायक्रोक्रिस्टलाइन मेण (पेट्रोलियमपासून काढलेले) पावसाळ्यानंतर, वर्षातून एकदाच, अख्ख्या दाराला चमचाभर. आधी लावले तर ओल आत कोंडते.

उजव्या दाराची खालची खुंटी झिजून दार २ मिमी खाली बसले आहे. ते काम जानेवारीत, सगळे आकसलेले असताना. आत्ता मोजून पाचर घातली तर कोरड्या हवेत ती सैल होईल.