बोजाऱ्याचे पैसे कुणाला द्यायचे?

तान्ह्या पोळ्याला मुलांना घरोघर मिळणारे पैसे, म्हणजे बोजारा, कुणाला द्यायचा असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुठे दरड कोसळली, कुठे पूर आला, की आठवड्याभरात कुणा ना कुणा आईचा फोन येतोच. "मॅडम, मुलांच्या हातून अनाथ मुलांना काहीतरी द्यायचंय. संस्कार व्हायला हवेत ना. कुठे घेऊन जाऊ?" मी नागपुरात एका शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून एका बालगृहात दहावीच्या मुलामुलींचं गणित घ्यायला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. उत्तर विचारणाऱ्याला आवडतंच असं नाही. मुलांना द्यायला जरूर लावा, पण कुठे घेऊन जाऊ नका.

आपल्याच जिल्ह्यातलं मोवाड घ्या. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीचं पाणी गावात शिरलं आणि 204 माणसं गेली. (माळीणची दरड 2014 ची, वायनाडची 2024 ची, आणि दोन्हींची तारीख 30 जुलैच. तारीख-वार मी मानत नाही, पण कॅलेंडरवर तो चौकोन दिसला की नजर अडखळते.) अशा संकटात आई-बाप गेलेलं मूल बहुतेक वेळा रस्त्यावर येत नाही. ते आजीकडे जातं, मामाकडे, मोठ्या काकांकडे. आपल्याकडे नातं अजून तेवढं उरलंय. मामाच्या घरी आधीच तीन तोंडं असतात, त्यात दोन वाढतात. मुलाला घर असतं, त्या घराला पैशाची चणचण असते. आपण मात्र मदत घेऊन अनाथालयाचं दार शोधत फिरतो.

संस्था नकोत असं मी म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसर हादरला. गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हा शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलं पुण्याला नेऊन शिकवली. शाळाच उरली नव्हती तिथे ते करावंच लागलं. दरवेळी ते करावं लागत नाही, आणि घाईत केलं तर घातही होतो. 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा परदेशातून आलेल्या एका धार्मिक गटानं 33 मुलं 'अनाथ' म्हणून सीमेपलीकडे न्यायचा प्रयत्न केला. पकडले गेल्यावर कळलं की त्यातल्या बहुतेकांचे आई-बाप जिवंत होते.

हे फार लांबचं वाटत असेल तर मे 2021 आठवा. कोरोनाची दुसरी लाट, आणि घरोघरच्या व्हॉट्सॲपवर तो मेसेज: आई-वडील दोघंही गेले, दोन गोंडस लेकरं आहेत, कुणाला दत्तक हवी असतील तर या नंबरवर फोन करा. मलाही तो आला, चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांकडून आला, खाली हात जोडलेले. मूल असं देता-घेता येत नाही. बाल न्याय कायद्यानं तो गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टालाही यात लक्ष घालावं लागलं. एकटं पडलेलं मूल दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं, त्याला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं, आणि दत्तक द्यायचंच असेल तर ते 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, नोंदणीतून. मेसेज पुढे ढकलणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही, म्हणून तो इतका पसरतो.

आता पैशाचं. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेल्या, किंवा दोघंही गेलेल्या मुलाला नातेवाइकांच्या घरी राहून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. कितीतरी आज्यांना हे ठाऊकच नसतं. ठाऊक असलं तरी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं खातं, हे सगळं जमवताना एखादी आजी पार थकून जाते. तिची रोजी बुडते, ऑटोचे पैसे जातात, झेरॉक्सचे जातात. मंजुरी मिळाली तरी पैसा मागेपुढे येतो. मधल्या काळात किराणा भरायला आणि तिच्यासोबत चकरा मारायला कुणी लागतं. मला कुणी विचारलं ना, की अनाथ मुलासाठी सगळ्यात उपयोगाचं काय, तर मी म्हणते, दुपारी दोन तास मोकळा असलेला आणि फॉर्म भरता येणारा माणूस. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला ब्लँकेटं वाटायची असतात.

हे मी एका वर्गात उभी राहून शिकले. सांगली-कोल्हापुरात पूर आला होता त्या वर्षीची, 2019 ची गोष्ट. सातवीच्या वर्गात एक उत्साही शिक्षिका डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चला मुलांनो, अनाथ मुलांसाठी पैसे काढा." मी मागच्या बाकाशी वह्या तपासत होते. सगळा वर्ग वळून एकाच पोराकडे बघायला लागला. तो मामाकडे राहायचा, आई-बाप दोघंही नव्हते, आणि हे सगळ्या पोट्ट्यांना माहीत होतं. तो उठला, खिशातली दहाची नोट काढली, डब्यात टाकली आणि शेजारच्याला म्हणाला, "पाहतो काय बे, तू टाक ना." मला हसूही आलं आणि घशाशी काही दाटलंही. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना मी एवढंच सांगितलं की पूरग्रस्त म्हणा. तुमच्या मुलाच्या वर्गातही असं एखादं मूल असतं, घरी त्याचं नाव निघतं तेव्हा तुमचा आवाज बदलतो का, हे तुमचं मूल बरोब्बर ऐकत असतं.

वाढदिवसाचं काय, हे हमखास विचारतात. बालगृहातला वाढदिवस मी आतल्या बाजूनं पाहिलाय. शनिवार-रविवारी दोन-दोन केक येतात. दुपारी एका घरचे गुलाबजाम, संध्याकाळी दुसऱ्या घरचे, आणि रात्री दोघा-तिघांचं पोट बिघडलेलं. परीक्षेच्या दिवसांत, पोरांना कंपास, गाईड आणि भूमिती समजावणारं कुणी हवं असतं तेव्हा, कुणीच फिरकत नाही. तिथली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पाहुणे आले की न सांगता पुढच्या रांगेत जाऊन उभी राहायची, वेणी खांद्यावर पुढे घ्यायची आणि विचारायची, "कुठे पाहू?" फोटो काढून घ्यायची तिला इतकी सवय झाली होती. त्या मुलांची ओळख पटेल असं काही छापायला कायद्यानं बंदी आहे. तरी केक भरवतानाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात, खाली चाळीस फुलं. तुमच्या मुलाला दातृत्वाचा धडा मिळावा म्हणून दुसऱ्याच्या मुलानं रविवारी नटून बसायचं, हे मला पटत नाही.

मग मुलांनी द्यायचं काय? आपल्याकडे सोय आहे, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. चाकं करकरतात, बैलाच्या शिंगाला बेगड, आणि खिशात दहा-वीसच्या नोटा. हा पैसा मुलाचा स्वतःचा, उन्हात हिंडून मिळवलेला. बहुतेक वर्षी तो हातात येतो तेव्हा कुठला तरी महापूर नाहीतर दरड ताजी असते. 2018 ला केरळ, 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2024 ला वायनाड. आईच्या पर्समधली पाचशेची नोट मुलाच्या हातात देऊन ती डब्यात टाकायला लावली, तर मूल टपालवाल्याचं काम करतं, एवढंच. बोजाऱ्यातले चाळीस रुपये काढताना ते थांबतं, मोजतं, परत मोजतं. ते थांबणं मला महत्त्वाचं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या मुलांना मी वही घालून दिली आहे. किती जमले ते त्यांनी लिहायचं आणि कुठे द्यायचे हेही त्यांनीच भांडून ठरवायचं. भांडणं जोरदार होतात. एकदा दोन गट पडले, मुख्यमंत्री सहायता निधी की ओळखीच्या एका आजीच्या नातवाची वर्षभराची स्कूल बस. बस जिंकली, कारण एका पोरीनं हिशेब मांडला की निधीत आपले पैसे दिसणार नाहीत, बसमध्ये दर महिन्याला दिसतील. मी मध्ये बोलले नाही. निधीलाही लोकांनी द्यायलाच हवं, पण दहा वर्षांच्या पोरीला दिसणारी गोष्ट हवीशी वाटली तर तिचं काही चुकलं नाही. त्या आजीला पैसे कुणाकडून येतात ते आम्ही सांगितलेलं नाही. नातवाला तर नाहीच.

जुने कपडे हा वेगळा छळ आहे. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, आणि देणारं नागपूर एका रात्रीत घेणारं झालं. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. आले मात्र कपड्यांचे ढीग, त्यात बटणं तुटलेले शर्ट आणि कुणाच्या तरी लग्नातल्या शेरवान्या. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं ती मुलं आता कपड्यांची बोचकी बांधत नाहीत, वह्यांचे गठ्ठे आणतात. त्यांना मला काही शिकवावं लागलं नाही.

आणि एक, मोठ्या मुलांना विसरू नका. चार वर्षांच्या लेकराला सगळे देतात, अठरा वर्षांच्या दाढी फुटलेल्या पोराला कुणी देत नाही, आणि नेमकं अठराव्याला त्याला बालगृह सोडावं लागतं. अठरानंतर राहायची सोय असलेली अनुरक्षणगृहं थोडी आहेत. अचलपूरजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळतात. अठरानंतर अशा मुलांना बाहेर काढू नये, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. अनाथ मुलांसाठी 2018 पासून राज्यात शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते अठरा व्हायच्या आत हाती असलेलं बरं. माझ्याकडे येणाऱ्या दहावीच्या मुलांना मी प्रमेय शिकवायच्या आधी हे विचारते, कागद झाला का?

परवा एका आईनं विचारलं, मुलाला द्यायचंच नसेल तर? तिच्या लेकानं सगळा बोजारा क्रिकेटच्या बॅटसाठी ठेवला होता आणि तिला चारचौघांत लाजल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, ठेवू दे, त्याचे पैसे आहेत. बॅट चांगली घे म्हणावं, विलोची.