पाठीवर औषधे, हातात धनुष्य

इंटेलिजंट सिस्टिम्सने घडवलेला ‘फायर एम्ब्लेम फेट्स’ हा घरे आखलेल्या पटावर पाळीपाळीने लढायचा युद्धाचा गेम २०१५ साली जपानमध्ये निन्टेन्डो ३डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. त्यातील होशिडो या जपानी वळणाच्या राज्यात सामुराई आणि निन्जा असणे ओघानेच आले. पण त्यांच्या रांगेत औषधे विकणाऱ्यालाही सैनिक म्हणून स्थान मिळाले, हे मला अधिक रोचक वाटते. जपानमधील तोयामा प्रांताचे फिरते औषधविक्रेते प्रसिद्धच आहेत. घरोघरी औषधांची पेटी ठेवून जायची आणि पुढच्या फेरीत जेवढे वापरले गेले असेल तेवढ्याचेच पैसे घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. गेममधील ‘अपॉथेकरी’ हा औषधविक्रेता सैनिक याच परंपरेतला वाटतो, फक्त त्याच्या हाती धनुष्य आहे.

या गेममध्ये बहुतेक धनुष्यांचा बाण दोन घरांवरच पोहोचतो, त्यामुळे शत्रू शेजारच्या घरात येऊन वार करू लागला की धनुर्धाऱ्याला प्रत्युत्तर देता येत नाही. नेहमीचा धनुर्धारी अशा वेळी लवकर कोसळतो. अपॉथेकरी मात्र अंगाने दणकट असतो, आणि मार खाऊन उरलेल्याला औषधाचा उपयोग होतो. ‘पोटंट पोशन’ या त्याच्या स्किलमुळे औषधाचा गुण दीडपट होतो, म्हणजे १० एचपी (जीवशक्तीचे गुण) भरून काढणाऱ्या साध्या मलमाने १५ एचपी मिळतात. ‘क्विक साल्व्ह’ हे दहाव्या लेव्हलचे स्किल त्याहून मोलाचे आहे. एरवी औषध घेतले की त्या सैनिकाची टर्न, म्हणजे पाळी, संपते, म्हणून बहुतेक खेळाडू औषधे पिशवीत तशीच ठेवतात आणि जखमींना पुजाऱ्यांकडे पाठवतात. या स्किलमुळे मात्र औषध घेऊन त्याच टर्नमध्ये बाणही सोडता येतो. औषधविक्रेत्याला आपला माल हाताळण्याची सवय असणारच, आणि ती सवय येथे नियमातून उतरली आहे.

बढती मिळून तो ‘मर्चंट’ झाला की पैशाचा खेळ सुरू होतो. ‘प्रॉफिटीअर’मुळे पहिल्या सात टर्नमध्ये सैनिकाच्या ‘नशीब’ या गुणाच्या आकड्याप्रमाणे सोन्याची वीट हाती लागू शकते, तर ‘स्पेंडथ्रिफ्ट’मध्ये हल्ला करताना एक वीट खर्च होऊन १० जास्त इजा करता येते आणि स्वतःला होणारी इजा १० ने घटते. कंजूस खेळाडूला ही उधळपट्टी जड जाते, मीही त्यातलाच.

सैन्यातल्या काझे या निन्जाची मुलगी मिदोरी मुळातच अपॉथेकरी आहे आणि तिच्या व्यक्तिगत स्किलमुळे नशिबावर चालणाऱ्या स्किलची शक्यता २० टक्क्यांनी वाढते. पण काझेचे लग्न लावले नाही तर ती सैन्यात येतच नाही. त्यापेक्षा भाला चालवणाऱ्या ओबोरोला हार्ट सील (सैनिकाचा पेशा बदलणारी वस्तू) देऊन या वाटेला लावणे मला पसंत आहे. ती कापडाच्या व्यापाऱ्यांच्या घरची लेक आहे आणि मर्चंटला धनुष्याबरोबर भालाही चालतो, त्यामुळे तिने कमावलेला हात वाया जात नाही.