सोळा पानांचा फर्मा

रात्रीचे साडेअकरा.

आज माझ्या पुस्तिकेचा पहिला फर्मा, म्हणजे घड्या घालून केलेला पानांचा जुडगा, हातानेच केला. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पृष्ठं. तिसऱ्या घडीला कागद जाड होतो, अडतो, आणि आतली पानं कडेला केसभर बाहेर सरकतात. कडा सारख्या करताना मग तीच जास्त कापली जातात. आठव्या-नवव्या पृष्ठावर माझं रेखाचित्र अगदी काठापर्यंत गेलं होतं. पक्ष्याची चोच गेली. खूप लागलं मनाला. उद्या मधल्या पानांचा समास वाढवायचा.

दिवसभर डिक हिगिन्स डोक्यात होता. संगीत, कविता, नाटक, चित्र सगळं करणारा, संगीतकार जॉन केजच्या वर्गात बसलेला, आणि छपाईचं कामही रीतसर शिकलेला माणूस. १३ एप्रिल १९६२ ते १३ एप्रिल १९६३ या वर्षात लिहिलेलं सगळं, बरंवाईट न निवडता, त्याला पुस्तकात हवं होतं. ज्याच्याकडे दिलं होतं त्याच्याकडून ते लवकर निघेना, तेव्हा त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. तिच्यासाठी त्याने योजलेलं नाव त्याची बायको, कलावंत ॲलिसन नोल्स, हिला आवडलं नाही. दुसरं काहीतरी ठेव, म्हणाली. त्याने तेच ठेवलं: समथिंग एल्स प्रेस! १९७४ पर्यंत ती चालली. मधल्या काळात वीस छोट्या पुस्तिकांची एक मालिकाही निघाली, बहुतेक माझ्या फर्म्याएवढ्याच.

‘हे चित्र आहे की कविता?’ या प्रश्नाने मी वर्षानुवर्षं कानकोंडी होत आले. दोन कलांच्या मधल्या जागेत जे घडतं त्याला त्याने १९६६ साली ‘इंटरमीडिया’ म्हटलं आणि ती जागा हक्काची करून दिली. त्याचे उपकार वाटतात मला.

पण आज खरी खिळले ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्याची पुस्तकं आतून कितीही विलक्षण असली तरी बाहेरून चारचौघांसारखी होती, पक्क्या बांधणीची. ग्रंथालयाच्या फळीवर इतर पुस्तकांच्या खांद्याला खांदा लावून बसावीत म्हणून. आणि मी या पुस्तिकेला तिरपं कापून वर गोणपाटाचं वेष्टन घालणार होते! वाचणाऱ्याला दारातच थांबवण्यासारखं झालं असतं ते.

गोणपाट परत गुंडाळून ठेवलं. मुखपृष्ठ साधं, राखाडी, वर फक्त नाव. सुईत दोरा ओवून ठेवलाय. पक्षी मधली घडी उघडल्यावरच दिसेल, चोचीसकट.