सारा ऑलगुड यांच्या आवाजाचा माग : चौथी नोंद

मागच्या तीन नोंदींत आयरिश अभिनेत्री सारा ऑलगुड यांच्या चित्रपटांची यादी जुळवण्याचे काम चालले होते. या महिन्यात ती यादी बाजूला ठेवून १९२९ ते १९५० या काळातले त्यांचे सहा चित्रपट क्रमाने पाहिले आणि प्रत्येकातले त्यांचे प्रवेश दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकले. या अभिनेत्रीची खरी कमाई तिच्या आवाजात आहे, असे मला पहिल्यापासून वाटत होते. हॉलिवूडने त्यांना प्रेमळ आई किंवा फटकळ मोलकरीण अशा भूमिकांत ठेवले, त्यामुळे पडद्यावर आपण चेहरा पाहून पुढे जातो आणि आवाज निसटतो.

हा आवाज कुठे घडला, ते आधी सांगायला हवे. ऑलगुड डब्लिनच्या. वडील छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत. त्यांच्या मृत्यूनंतर मुलांना काही काळ अनाथालयात राहावे लागले. पुढे सारा यांनी कोच-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. मॉड गॉन यांनी स्थापन केलेल्या स्त्रियांच्या राष्ट्रवादी संघटनेत त्या गेल्या आणि तिथल्या नाट्यवर्गात विली फे यांच्या हाताखाली आल्या. विली तालीम घेत, तर त्यांचे भाऊ फ्रँक फे उच्चारावर आणि श्वासावर मेहनत करून घेत. आयरिश कवी-नाटककार यीट्स यांना आपल्या पद्यनाटकांसाठी हालचाल कमी आणि शब्द स्वच्छ असा अभिनय हवा होता, आणि फे बंधूंची शिस्त त्याला पूरक ठरली. २७ डिसेंबर १९०४ रोजी डब्लिनचे ॲबी थिएटर उघडले, तेव्हा नाटककार लेडी ग्रेगरी यांच्या एकांकिकेत मिसेस फॅलनच्या भूमिकेत ऑलगुड होत्या.

इथे पहिल्या नोंदीतली एक चूक दुरुस्त करतो. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’च्या १९०४ मधल्या पहिल्या प्रयोगात ऑलगुड यांनी म्हाताऱ्या मॉर्याची भूमिका केली, असे मी लिहिले होते. प्रत्यक्षात त्या प्रयोगात त्या कॅथलीनच्या, म्हणजे मॉर्याच्या मुलीच्या भूमिकेत होत्या. मॉर्या त्यांच्याकडे नंतर आली. हा फरक किरकोळ नाही. समुद्रात मुलगे गमावलेल्या आईचा विलाप त्यांनी आधी मुलगी म्हणून शेजारी बसून ऐकला आणि मग स्वतःच्या गळ्यातून काढला. पुढच्या सगळ्या आईच्या भूमिकांचे मूळ मला इथे दिसते.

जानेवारी १९०७ मध्ये सिंग यांच्याच ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या प्रयोगांत प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि पोलीस बोलवावे लागले, ही हकीकत बहुतेकांना माहीत असेल. त्या गोंधळात विडो क्विनच्या भूमिकेत सारा होत्या आणि पेगीनच्या भूमिकेत त्यांची धाकटी बहीण मॉली, म्हणजेच रंगभूमीवरच्या मॉयरा ओनील. मॉली या सिंग यांच्या वाग्दत्त वधू होत्या, पण विवाहाआधीच, मार्च १९०९ मध्ये सिंग वारले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सारा नाटक घेऊन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेल्या आणि १९१६ मध्ये त्यांनी आपले सहकलाकार जेराल्ड हेन्सन यांच्याशी लग्न केले. १९१८ च्या आरंभी त्यांची मुलगी जन्मल्यावर लगेच गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाच्या साथीत पतीही गेले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता या महिन्याच्या मुख्य कामाकडे येतो. ३ मार्च १९२४ रोजी शॉन ओकेसी यांचे ‘ज्यूनो अँड द पेकॉक’ हे नाटक ॲबीत आले. ज्यूनो बॉइल ऑलगुड यांनी केली, कामचुकार नवरा कॅप्टन बॉइल बॅरी फिट्झजेराल्ड यांनी. सुदैवाने दिग्दर्शक हिचकॉक यांनी त्यावर केलेल्या १९३० च्या बोलपटात ज्यूनो म्हणून ऑलगुडच आहेत. हा चित्रपट हिचकॉक यांच्या उत्तम कामांत मोजला जात नाही. कॅमेरा बराच वेळ एकाच खोलीत बसून राहतो, आणि त्या काळी वेगवेगळे ध्वनी नंतर मिसळण्याची सोय नसल्यामुळे संवाद, बाहेरची अंत्ययात्रा, गोळीबार असे सगळे एकाच वेळी सेटवर करावे लागे. ग्रामोफोनच्या तबकडीचा आवाज आणण्यासाठी एका माणसाने नाक दाबून गाणे म्हटले, असे हिचकॉक यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. मात्र आपल्यासारख्यांसाठी याच मर्यादेचा लाभ झाला आहे, कारण ऑलगुड यांचा आवाज मधल्या जोडकामाशिवाय, सलग, रंगमंचावर जसा निघत असेल त्याच्या अगदी जवळचा ऐकू येतो.

शेवटचा प्रवेश मी सात वेळा ऐकला. मुलगा जॉनी मारला गेला आहे, घरातले सामान उचलून नेले आहे आणि ज्यूनो रिकाम्या खोलीत उभी आहे. आधीच्या अंकात शेजारच्या मिसेस टँक्रेडने आपल्या मुलासाठी जी प्रार्थना म्हटली होती, तीच आता ज्यूनोच्या तोंडी येते, आणि तेव्हा आपल्याला त्या बाईचे दुःख पुरेसे कळले नव्हते, ही जाणीवही तिच्यासोबत येते. ऑलगुड यांचा आवाज मुळात खर्जाकडे झुकलेला आहे. प्रार्थनेत तो चढतो, पण चिरकत नाही, आणि हुंदक्याखाली एकही शब्द गाडला जात नाही. ओकेसी यांनी नाटकाचा शेवट दारू प्यालेल्या बॉइलवर केला आहे. हिचकॉक यांनी तो भाग वगळून चित्रपट या प्रार्थनेवर थांबवला. नाटक म्हणून हे नुकसानच आहे, पण हा आवाज ऐकल्यावर त्यांना पुढे जावेसे का वाटले नसेल, ते समजते.

‘ब्लॅकमेल’ (१९२९) आणि ‘स्टॉर्म इन अ टीकप’ (१९३७) यांवर फार लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्यात कुत्र्यासाठी झगडणारी मिसेस हेगर्टी आहे आणि तिच्यात विनोदाची लय ऐकू येते.

‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ (१९४१) मात्र मन लावून पाहावा. कथा वेल्समधल्या कोळसा खाणीच्या गावाची, चित्रीकरण कॅलिफोर्नियात, आणि आईच्या भूमिकेतल्या ऑलगुड, मुलगी अँगराड झालेल्या मॉरीन ओहारा, बॅरी फिट्झजेराल्ड आणि त्यांचे भाऊ आर्थर शील्ड्स ही सगळी डब्लिनची मंडळी. ॲबीतले ज्यूनो आणि कॅप्टन बॉइल सतरा वर्षांनी दिग्दर्शक जॉन फोर्ड यांच्या वेल्श गावात पुन्हा भेटतात! मजुरीच्या दिवशी बाप आणि मुले ओळीने येऊन आईच्या एप्रनमध्ये नाणी टाकतात, तेव्हा ऑलगुड यांना बोलावे लागत नाही. उलट, बर्फात रात्री संपकऱ्यांच्या सभेत शिरून आपल्या नवऱ्याला धक्का लागला तर याद राखा, असे ती बजावते, तिथे ज्यूनोचा तोच खर्ज परत येतो. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, पण पुरस्कार मेरी ॲस्टर यांना गेला.

त्यानंतरच्या भूमिका लहान होत गेल्या, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘द स्पायरल स्टेअरकेस’ (१९४६) मधली तुटक बोलणारी नर्स बार्कर त्यांनी चोख केली आहे. ‘चीपर बाय द डझन’ (१९५०) मध्ये त्या घरकाम करणाऱ्या मिसेस मोनाहन आहेत. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

१९३० च्या चित्रपटात मिसेस मॅडिगनची भूमिका मॉयरा ओनील यांनी केली आहे. पुढच्या नोंदीसाठी दोघी बहिणी एकत्र असलेला मेजवानीचा प्रवेश घेतला आहे. कोणते वाक्य कोणाचे, हे पडद्याकडे न पाहता ओळखण्याचा सराव कालपासून सुरू केला असून पहिल्या बैठकीत वीसपैकी तेरा बरोबर आली.